दोन एकर एकोणचाळीस गुंठे की एक हेक्टर वीस आर?

पुणे जिल्ह्यात, शहराच्या वाढत्या काठावर आलेल्या गावातला जमिनीचा एक गट घेऊ. गावाचं नाव, गट नंबर आणि माणसं मुद्दाम सांगत नाही, आणि आकडे मांडणीच्या सोयीसाठी मी बेतलेले आहेत. पण त्यांच्यामागचा घोळ बेतलेला नाही. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या दारात दस्त तयार करणाऱ्याकडे चौकशी केली, तर यातला एखादा तरी तुकडा ऐकायला मिळेलच.

जमीन जिरायत, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) नाही असं धरू. वडील वारले, वारसनोंद झाली. तीन वारस: थोरला गावातच शेती करतो, बहीण सासरी, धाकटा ठाण्यात नोकरीला. आजोबांच्या वेळच्या फेरफारात क्षेत्र लिहिलंय 2 एकर 39 गुंठे. चालू सातबाऱ्यावर आहे 1.20.00. धाकट्याला आपल्या हिश्शातली 20 गुंठे विकायची आहेत. गिऱ्हाईक तयार आहे, भाव गुंठ्याला सहा लाख ठरला आहे.

धाकट्याने मोबाइलवर डिजिटल सातबारा काढला आणि थोरल्याला फोन लावला. "दादा, बाबा तर तीन एकर म्हणायचे. इथे दीडच दिसतंय. एक एकर वीस गुंठे." थोरला म्हणाला, "अरे तो हेक्टर आहे. आपली तीन एकराला एक गुंठा कमी." गिऱ्हाईकाच्या मुलाला जुना फेरफार मिळाला होता. त्याने एक्सेलमध्ये 2.39 टाकलं, 40 ने गुणलं आणि सांगितलं की सगळा गट मिळून 95 गुंठे 60 आहे.

म्हणजे एकाच जमिनीचे तीन आकडे झाले. एकाचे 60 गुंठे, दुसऱ्याचे 95.6, तिसऱ्याचे 119. आणि सातबाऱ्याला विचारलं तर तो चौथाच सांगतो: 118.6 गुंठे. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. बांध कुणी कोरलेला नाही, कागद कुणी खाडाखोड केलेला नाही.

आधी हिशेब उरकून घेऊ

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 1,089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. असे 40 गुंठे झाले की एकर, 4,046.86 चौरस मीटरचा. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, बरोबर 100 चौरस मीटर. शंभर आरचा हेक्टर. त्यामुळे हेक्टरात एकर बसतात 2.471, किंवा शेतकऱ्याच्या भाषेत 2 एकर 18 गुंठे आणि वर थोडं.

आपल्या गटाचे 120 आर. भागिले 1.0117, आले 118.61 गुंठे. उलटीकडून पाहिलं तर जुने 119 गुंठे म्हणजे 120.39 आर. सातबाऱ्यावर पुढचे 39 चौरस मीटर दिसत नाहीत, तेव्हा एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना ते गळले असावेत. चौरस फुटात सांगायचं तर 420 च्या आसपास. सहा लाखांच्या भावाने त्याचे सव्वादोन लाखांच्या वर पैसे होतात, म्हणून "आमचा अर्धा गुंठा कुणी खाल्ला" हा प्रश्न घरात निघणारच. उत्तर असं की, जमीन जागची हललेली नाही, ती एका मापातून दुसऱ्या मापात लिहिताना आकडा पूर्णांकात बसवला गेला.

आता तीन चुका वेगळ्या करू, कारण चर्चेत त्या एकत्र कालवल्या जातात आणि मग सगळा दोष मेट्रिकवर किंवा सगळा दोष गुंठ्यावर जातो.

धाकट्याची चूक रकान्याची आहे. 1.20.00 मध्ये पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. ते रकाने सातबाऱ्यावर छापलेले असतात. पण माणूस व्हॉट्सॲपवर पाठवताना, डायरीत टिपताना फक्त "1.20" लिहितो, आणि रकान्याचं डोकं मागे कागदावरच राहतं. 60 आणि 118.6, जवळजवळ दुप्पट फरक. गावात राहणाऱ्याकडून ही चूक होत नाही, त्याला शेत डोळ्यासमोर दिसतं. ती होते बाहेर गेलेल्या वारसांकडून आणि शहरातल्या खरेदीदारांकडून.

एक्सेलवाल्याची चूक सगळ्यांत महाग आहे आणि तिच्यात मेट्रिकचा काहीच संबंध नाही. जुन्या कागदात "2.39" लिहिलेलं असतं तेव्हा तो टिंब दशांशाचा नसतो, एकर आणि गुंठे यांच्यामधला आडोसा असतो. चाळिसाच्या पटीत चालणारं माप शंभराच्या पटीत वाचलं की 119 चे 95.6 होतात. फरक 23.4 गुंठ्यांचा, ठरलेल्या भावाने एक कोटी 40 लाखांचा. आणि ही चूक कॅल्क्युलेटर पकडत नाही, उलट ती पक्की करतो. कुणी "दीड एकर" ला 1.5 लिहितो, कुणी "एक एकर पाच गुंठे" ला 1.5 लिहितो. पहिल्याचे साठ गुंठे, दुसऱ्याचे पंचेचाळीस.

तिसरी चूक अजून कुणी केलेली नाही, पण करार लिहिताना ती होणार आहे. तिच्याकडे नंतर येतो.

गुंठा तरी कुठला आपला?

मापांचा वाद निघाला की आपल्याकडे गुंठा म्हणजे बापजाद्यांचं आणि हेक्टर म्हणजे सरकारने लादलेलं, असा सूर लागतो. तो मला पटत नाही. 33 फुटांचा गुंठा हे कंपनी सरकारच्या मोजणीने आणलेलं माप आहे.

त्याआधी इकडे काठी, पांड आणि बिघा चालत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि 120 बिघ्यांचा चाहूर. शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची सांगितली जाते. हात कुणाचा आणि मूठ कुणाची, हा प्रश्न तेव्हाही होताच. बिघा मुलखामुलखात वेगळा असे. महसूल ठरवायचा तर सगळीकडे एकच माप हवं, म्हणून 1836 मध्ये इंदापूर तालुक्यातून कंपनीचे अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीची घडी बसवली. पुढे मुंबई इलाखाभर ती पसरली. तिच्यातली साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. ही साखळी इंग्रजी 66 फुटी जरीबीच्या निम्मी. इंग्रजी एकर म्हणजे अशा दहा चौरस जरीबा, आणि एका चौरस जरीबीत आपल्या साखळीचे चार चौरस. चार गुणिले दहा, चाळीस गुंठे. चाळिसाचा आकडा आला तो इथून, कुठल्या गावकीच्या परंपरेतून नाही.

तेव्हा वाद "आपलं माप विरुद्ध परकं माप" असा नाही. एका सरकारने आणलेलं माप लोकांच्या अंगवळणी पडलं, आणि पुढच्या सरकारने आणलेलं अजून पडलेलं नाही, इतकंच. पहिलं अंगवळणी पडलं कारण त्या मापाने बांध घातले गेले. टिपणं, फाळणी नकाशे, पोटहिस्से, सगळे साखळी-आण्यांत. जमिनीवरच्या खुणा त्या मापाच्या होत्या.

दुसऱ्याचं तसं झालं नाही. 1956 च्या वजन-मापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू होत 1962 पर्यंत वजनांमध्ये ती सक्तीची झाली. शेर आणि मण एका पिढीत बाजारातून हटले. कारण उघड आहे: निरीक्षक दुकानात येऊन तराजूतली जुनी वजनं जप्त करू शकत होता. नाणी तर 1 एप्रिल 1957 लाच बदलली. पण गुंठा कुठे जप्त करणार? तो कुठल्या तराजूत नव्हता. जमीन रोज विकली जात नाही, रोज मोजली तर त्याहून जात नाही. जमिनीवरचा बांध जिथे होता तिथेच राहिला, आणि कचेरीतल्या कागदावरचा आकडा तेवढा बदलला.

सरकारही या बाबतीत एका सुरात बोललेलं नाही. सातबारा हेक्टर-आरमध्ये ठेवायचा, आणि 2001 मध्ये छोट्या अनधिकृत भूखंडांसाठी जो कायदा करायचा त्याचं नाव मात्र गुंठेवारीचा! वाळू-मुरुमाची रॉयल्टी ब्रासवर, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. धरणांच्या अहवालात दशलक्ष घनमीटर, पण कृष्णेच्या पाणीवाटपात महाराष्ट्राचे 560 टीएमसी, आणि ती टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एकट्या शेतकऱ्याला "अजून गुंठ्यातच अडकलाय" म्हणून हसणाऱ्याने कोयना किती भरली हे घनमीटरमध्ये सांगून पाहावं.

अडीचचा नियम

शेतात गुंठा आणि आर यांचं भांडण नाहीच. कृषी विद्यापीठाची शिफारस असते हेक्टरी 75 किलो सोयाबीन बियाणं. दुकानदार अडीचने भागतो आणि 30 किलो एकरी सांगतो. काटेकोर भागाकार 30.35 येतो. पेरणीला त्या पावकिलोभराने काय होणार? तिफणीच्या दात्यातून त्याहून जास्त इकडेतिकडे होतं. एकर, हेक्टर आणि किलो यांची खिचडी करूनच महाराष्ट्रातली शेती चालते. ऊस एकरी टनांत बोलला जातो, कापूस एकरी क्विंटलमध्ये, आणि बीटी कापसाचं पाकीटच एका एकराच्या हिशेबाने भरलेलं येतं.

"एक हेक्टर म्हणजे अडीच एकर" हा नियम आणि "एक आर म्हणजे एक गुंठा" हा समज, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींतली चूक तीच, 1.17 टक्क्यांची. अडीच एकरांचे शंभर गुंठे, हेक्टराचे शंभर आर, म्हणून दोन्ही सारखे वाटतात.

आणि मला वाटतं खरी मेख या जवळिकीतच आहे. गुंठा जर सव्वा आरचा असता तर प्रत्येकाला हिशेब करूनच बोलावं लागलं असतं, आणि एव्हाना एक माप पडलं असतं. फरक इतका बारीक आहे की तो दिसत नाही, आणि इतकाही बारीक नाही की जमिनीच्या भावात तो लपावा.

जुन्या काळी तो लपत होता. लोखंडी साखळीच्या कड्या झिजायच्या, साखळी ढिली पडायची, चढउतारावर ती नीट ताणली जायची नाही. शंभर मीटर बाय एकशेवीस मीटरच्या शेतात दोन्ही बाजूंना अर्धा टक्का चूक झाली तरी क्षेत्रात एक टक्का, म्हणजे सव्वा आर इकडे किंवा तिकडे. मापातला फरक आणि मोजणीतली चूक एकाच मापाची, मग कोण कशाला शोधतो? आता भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागा टिपणारं यंत्र) घेऊन येतो, आणि तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतो. साखळीच्या चुकीखाली झाकलेला आर-गुंठ्याचा फरक त्यामुळे उघडा पडला. "नव्या मोजणीत जमीन कमी भरली" अशी तक्रार येते तेव्हा त्यात अतिक्रमणही असतं, जुन्या मोजणीची चूकही असते, आणि थोडा हा मापाचा फरकही. तिघांना वेगळं केल्याशिवाय शेजाऱ्यावर दावा ठोकू नये.

सरकारी मदतीच्या बातम्यांत हा गोंधळ वेगळं रूप घेतो. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत जिरायत पिकाच्या नुकसानीला हेक्टरी 8,500 रुपये. बियाणं, फवारणी, मजुरी यांचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या डोक्यात एकरी असतो. 8,500 चे एकरी होतात 3,440, आणि गुंठ्याला 86 रुपये. हेक्टरी आकडा कानाला मोठा लागतो. तो मुद्दाम तसा ठेवला आहे असं मी म्हणत नाही, नोंदीच हेक्टरमध्ये आहेत. पण 86 रुपये गुंठा असं कुणी जाहीर केलं असतं, तर त्याच मदतीवर लोक वेगळं बोलले असते.

इसारपावतीवर काय लिहायचं

आता आपल्या धाकट्याकडे येऊ. 120 आरचे तीन समान हिस्से, प्रत्येकी 40 आर. घरातले सगळे म्हणतात, "एकेक एकर आला." एकर 40.47 आरचा असतो, तेव्हा प्रत्येकाला एकराला जवळपास अर्धा गुंठा कमी आलाय. बहिणीने इथे विचारलं, "मग पूर्ण एकर कुणाला गेला?" कुणालाच नाही. तिघांना तेवढाच कमी. पण हे कागदावर करून दाखवल्याशिवाय घरात पटत नाही, आणि न पटलेलं पुढे वाटपाच्या दाव्यात निघतं.

धाकट्याच्या 40 आरपैकी "20 गुंठे" विकायची आहेत. तोंडी व्यवहार गुंठ्यांत झाला: वीस गुणिले सहा लाख, एक कोटी वीस लाख. इसारपावतीवर लिहिलं "20 गुंठे". खरेदीखत करताना मात्र सातबाऱ्याशी जुळवायचं म्हणून लिहिणारा सहज "क्षेत्र 0.20.00" लिहितो, कारण त्याच्याही डोक्यात आर म्हणजे गुंठा. हीच ती तिसरी चूक. 20 गुंठे म्हणजे 2,023.4 चौरस मीटर, आणि 0.20.00 म्हणजे 2,000. गिऱ्हाईकाने 20 गुंठ्यांचे पैसे दिले आणि त्याला 19.77 मिळाले. कमी पडलेलं क्षेत्र 252 चौरस फूट, पैशांत सुमारे एक लाख 40 हजार. एक्सेलच्या चुकीच्या शंभराव्या हिश्शाची ही चूक, पण ती चूक ओरडून सांगते आणि ही गप्प बसते. खरेदीखत नोंदवलं, फेरफार मंजूर झाला, वर्षभराने मोजणी आणली आणि मोजणी नकाशाची क प्रत हातात आली, तेव्हा कळतं.

मग बरोबर करायचं म्हणून खरेदीखतात 20.23 आर लिहावं का? इथे व्यवहार खरा अडतो. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडू देत नाही. 2023 मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 आर आणि बागायतीसाठी 10 आर असं खाली आणलं. मराठी वर्तमानपत्रांत ते "20 गुंठे, 10 गुंठे" असंच छापून आलं आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं. धाकट्याकडे 40 आर. त्यातले 20.23 दिले तर त्याच्याकडे उरतात 19.77 आर. मर्यादा आरमध्ये धरली तर उरलेला भाग तुकडा ठरतो. उलट 20 आर दिले, 20 आर ठेवले, आणि कुणी मर्यादा गुंठ्यांत वाचली, तर दोन्ही भाग 19.77 गुंठ्यांचे, म्हणजे दोन्ही तुकडे! मोकळ्या रानात ज्या फरकाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तो अशा काठावर आला की व्यवहार होणार की नाही हे ठरवतो.

माझा सल्ला सरळ आहे. हक्काची नोंद आरमध्ये आहे आणि कचेरीतली तुलना साहजिकच सातबाऱ्यावरच्या आकड्याशी होणार, तेव्हा क्षेत्र 0.20.00 ठेवावं आणि भाव बदलावा. गुंठ्याला सहा लाख म्हणजे चौरस मीटरला 5,930 रुपये. 2,000 चौरस मीटरचे होतात एक कोटी 18 लाख 60 हजार. गिऱ्हाईकाला जेवढी जमीन तेवढेच पैसे, धाकट्याकडे पूर्ण 20 आर शिल्लक. एक लाख 40 हजार कमी मिळाले म्हणून धाकटा कुरकुरेल. त्याला सांगावं की ते पैसे त्याच्याकडे नसलेल्या जमिनीचे होते.

गुंठ्याचा तोळा होतोय

इथे सराफ बाजाराकडे एक नजर टाकावीशी वाटते. तोळा मुळात 11.66 ग्रॅमचा. आज महाराष्ट्रात सोनं तोळ्यानेच बोललं जातं, पण दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. नाव जुनं राहिलं, आतलं वजन गेलं. याला कुणी कायदा केला नाही, आणि यात फारसं कुणाचं बिघडलंही नाही. कारण पावतीवर ग्रॅम छापलेले असतात आणि भाव त्यावरच लागतो. तोळा फक्त बोलण्यापुरता.

गुंठ्याचंही तेच चाललंय, असं माझं निरीक्षण आहे. नवी पिढी सातबाऱ्यावरचे 40 आर पाहून "चाळीस गुंठे" म्हणते. तिच्या लेखी गुंठा शंभर चौरस मीटरचा झाला आहे. जुनी पिढी अजून 33 बाय 33 च्या गुंठ्यात बोलते. दोघं एकाच शब्दात बोलतात, म्हणून भांडण सुरू होईपर्यंत त्यांना कळतच नाही की ते वेगळ्या मापांबद्दल बोलत होते. सोन्याचा आणि जमिनीचा फरक असा की, सोनं प्रत्येक व्यवहारात नव्याने वजन केलं जातं. जमीन आजोबांच्या कागदावरून नातवाच्या कागदावर जाते, आणि मधे तिचं माप कोणत्या गुंठ्यात घेतलं होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून "गुंठा बंद करा" ही मागणी मला निरर्थक वाटते. बंद होणार नाही. पीक किती आलं हे आण्यांत सांगणारी आणेवारी बंद होऊन पैसेवारी आली, पन्नास पैशांच्या आत पीक आलं तर टंचाई असा नियम झाला, तरी गावात आणि बातम्यांत आणेवारी हाच शब्द अजून येतो. त्याने कुणाचं नुकसान होत नाही, कारण आकडा मोजायची रीत बदलली आहे. "सातबाऱ्यावर गुंठेही छापा" ही मागणी तर मला धोक्याची वाटते. एका कागदावर दोन मापं आली, एक पूर्णांकात आणि दुसरं अपूर्णांकात, की त्यातलं कुठलं खरं यावर दावे चालतील. सप्टेंबर 2020 पासूनच्या नव्या सातबाऱ्यात शेतजमिनीला हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीला आर-चौरस मीटर असं स्पष्ट छापलं जातं, ते पुरेसं आहे. माझी तक्रार असलीच तर ती त्या आरबद्दल आहे. खुद्द आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीच्या पुस्तिकेत हेक्टर आहे, आर नाही. आणि आपल्याकडे गुंठ्याशी गल्लत होते ती या मधल्याच पायरीची. सगळं नुसत्या चौरस मीटरमध्ये लिहिलं असतं, 12,000 चौरस मीटर, तर धाकट्याला ते "एक एकर वीस गुंठे" वाचताच आलं नसतं. पण ते आता होणं नाही.

खरेदीखत मात्र आपल्या हातात असतं, आणि तिथे हा घोळ एका ओळीत मिटतो. आपल्या व्यवहारात ती ओळ अशी येईल: "जिरायत शेतजमीन, क्षेत्र 0 हेक्टर 20 आर 00 चौ.मी., म्हणजे एकूण 2,000 चौरस मीटर, दर प्रति चौरस मीटर 5,930 रुपये." गुंठा लिहायचाच असेल तर त्याचं माप कंसात द्यावं, 101.17 चौरस मीटर, आणि एकर-गुंठ्यांमध्ये टिंब कधीच देऊ नये, शब्दांत लिहावं. चतु:सीमा नीट लिहाव्यात, कारण क्षेत्र आणि हद्द यांत विसंगती आली तर न्यायालयं साधारणपणे हद्दीला जास्त वजन देतात. आणि पैसे पूर्ण देण्याआधी मोजणी आणावी. पोटहिश्शाच्या मोजणीला लागणारी फी या व्यवहारात वाचणाऱ्या एक लाख 40 हजारांपुढे किरकोळ आहे. थोरल्याने आपल्या हिश्शाचीही त्याच वेळी मोजणी मागवली तर बहिणीच्या 40 आरची हद्दही आपोआप कायम होते, आणि "पूर्ण एकर कुणाला गेला" हा प्रश्न घरातल्या घरात, नकाशा समोर ठेवून मिटवता येतो.